खुंटा उपटलेल्या जात्याचा जबाब

साहेब, तुम्ही माझ्या तोंडात सिमेंट ओतलंत.

तुमचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तुम्ही म्हणाल, त्या नावाचे या न्यायालयाच्या इमारतीत चौघे आहेत. पण हुकूम वरच्या मजल्यावरून आला आणि वरच्या मजल्यावर तुम्ही बसता. आधी तुम्ही माझा खुंटा उपटायला लावलात. मग जिथे धान्य पडायचं त्या माझ्या तोंडात सिमेंट भरलंत, त्यात लोखंडी खांब रोवलात, त्यावर लाल-पिवळी छत्री उघडलीत आणि मागच्या भिंतीवर पाटी ठोकलीत, 'आपला वारसा'. वारशाच्या तोंडात कोणी सिमेंट भरतं का? बापाचं तोंड बंद करून त्याच्या डोक्यावर छत्री उभी कराल?

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे. रीतीप्रमाणे मी आधी माझा जन्म सांगायचा, मग कष्ट, मग कौतुक, आणि शेवटी गळा दाटून 'मला जपा' म्हणायचं. सांगते, सगळं सांगते. पण आज माझ्यात सबुरी नाही. या घटकेला तामू नावाची सोळा वर्षांची मुलगी मला बिलगून बसली आहे. तिचं लग्न ठरवलंय. आमच्या देशात कायदा अठरा म्हणतो, पण वरच्या मजल्यावरच्या माणसाला पटलं तर तो सोळालाही 'हो' म्हणू शकतो. त्या एका 'हो'साठी तिच्या बापाने तिला आज इथे आणलं. ती माझ्यापासून सुटली, जिना चढली, की तिची शाळा संपली. म्हणून मी भरभर बोलते. तुम्हीही भरभर ऐका.

मी काळ्या कड्यातली. आमच्या ऐत उझ्रू गावावर तो कडा असा वाकलाय, जणू खाली कोण काय शिजवतंय ते बघतोय. ऊझीन नावाचा पाथरवट गाढव घेऊन डोंगर फिरायचा. तो कड्यावर हातोडी मारायचा, कान लावायचा आणि शिव्या द्यायचा. "हा ठिसूळ. हा दगड पिठात वाळू ओकेल. हा तर माझ्या मेव्हण्यासारखा, वरून टणक, आतून भुसा." मला मारली तेव्हा तो काही बोलला नाही. छिन्नी काढली आणि कामाला लागला. एका दगडाच्या दोन तळ्या झाल्या. खालची माझी बहीण, ती जन्मभर एका जागी. वरची मी. फिरणं हाच माझा जन्म. माझ्या काठाशी भोक पाडून त्यात त्याने अक्रोडाच्या लाकडाचा खुंटा ठोकला आणि म्हणाला, "याला धरून कोण काय काय मागेल, ते तूच बघ."

तेव्हा मला वाटलं, पीठ मागतील.

हद्दा नावाच्या लेकीबरोबर तिच्या बापाने मला सासरी दिलं. गाढवाच्या एका अंगाला खालची तळी, दुसऱ्या अंगाला मी, वर गाठोडं, आणि नवरी पायी. हनुवटीवर गोंदलेली एक उभी रेघ, चालणं ताठ. नवरा बास्सू स्वभावाने गरीब, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. हद्दा कमी बोलायची. तिच्या वाटचं मी बोलायचे. उजाडायच्या आधी ती मला धरायची, सातूची वैरण मुठीने माझ्या तोंडात सोडायची, आणि माझी घरघर सुरू झाली की गल्लीतल्या आळशी सुनांना उठावंच लागायचं. लोक म्हणायचे, हद्दाच्या जात्याचं पीठ मऊ. मी फुगायचे. दगड फुगत नाही म्हणतात, पण मी फुगायचे.

आता त्या खुंट्याची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलंय.

आमच्या डोंगरात नवऱ्याने छळलेली, सासरच्यांनी मारलेली बाई पळाली आणि दुसऱ्याच्या घरात शिरून तिने जात्याचा खुंटा धरला, की झालं. मग तिला कोणी ओढायचं नाही. ओढलं तर ज्या घरात ओढलं त्याच्याशी सात पिढ्यांचं वैर. घराच्या धन्याने तिच्या पाठीशी उभं राहायचं आणि गावाच्या पंचांनी झाडाखाली बसून निवाडा करायचा.

छान वाटलं ना ऐकायला? थांबा. या रीतीला शेपूट होतं. ज्याच्या घरातला खुंटा धरला, त्या धन्याने पहिल्या नवऱ्याला भरपाई द्यायची आणि त्या बाईला स्वतःची बायको करून घ्यायची. म्हणजे बाई आगीतून उठून फुफाट्यात. तिला विचारायचं कोणी? मी जुनी आहे म्हणून जुनं ते सगळं गोड म्हणणार नाही. जुन्यात किडके दाणेही असतात. मी ते दळलेत, मला चव ठाऊक आहे.

मैदानातले अरब दर उन्हाळ्यात मीठ आणि मडकी घेऊन वर यायचे आणि गावाबाहेर तंबू ठोकायचे. त्यांच्यातली मिलूदा, नुकती लग्न झालेली, एका भर दुपारी हद्दाच्या मागच्या दाराने आत घुसली. ओठ फाटलेला, एक पाय अनवाणी. हद्दा दळत होती. मिलूदाला आमची भाषा येत नव्हती, हद्दाला तिची. त्यांच्या तंबूत पळून आलेली बाई मधला खांब धरते. आमच्या घराला कुठला खांब! तिने घरभर नजर फिरवली. जमिनीतून वर आलेलं एकच लाकूड तिला दिसलं. तिने झेप घेतली आणि हद्दाच्या हातावरून माझा खुंटा घट्ट धरला. मी तशीच अर्ध्या फेऱ्यात थांबले. दोन बायकांचे हात माझ्यावर एकमेकांत गुंतले होते आणि कोणता कोणाचा ते मला कळत नव्हतं.

दारात तिचा नवरा आणि दोन दीर आले. मागोमाग शेतातून बास्सू धावत आला. खुंट्यावरचा परका हात बघून तो ओरडला.

"अगं, सोडव तिला! रीत ठाऊक आहे ना तुला? आता मला हिच्याशी लग्न लावावं लागेल. एक तूच मला झेपत नाहीस!"

"तुला कोण देतंय रे?" हद्दा म्हणाली. "तोंड बघितलंयस का पाण्यात?"

"घर माझं आहे, हद्दा. धनी मी."

"घर तुझं. भिंती तुझ्या, छप्पर तुझं, गळतं तेही तुझंच. जातं माझ्या बापाने मला दिलंय. तिने भिंत नाही धरली, खुंटा धरलाय. ती माझ्याकडे आलीय. आणि मला बायको नकोय."

मित्रांनो, असं आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. पंच अक्रोडाच्या झाडाखाली बसले. चहा झाला, भांडण झालं, पुन्हा चहा झाला. एक म्हणाला, बाईच्या खुंट्याला रीत लागू नाही. दुसरा म्हणाला, मग पहिल्या दिवसापासून खुंटा बाईचाच होता, पुरुषाने कधी दळलंय? सगळ्यात म्हातारा पोट धरून हसला. "गप बसा. हद्दाने आज आपल्यालाच दळलं." मिलूदाच्या नवऱ्याला तिथेच तलाक बोलावा लागला. बास्सूला लग्न लावावं लागलं नाही. तो इतका खूश झाला की त्याने मला ऑलिव्हचं तेल चोळलं. दगडाला!

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. रीत दगडाची नसते. दगड मी आहे, मला फरक कळतो.

मिलूदा राहिली. समोरासमोर बसून दोघी एकच खुंटा ओढायच्या. एक अरबीत गायची, दुसरी आमच्या डोंगरी भाषेत, तमाझिग़्तमध्ये. सूर एक व्हायचा नाही, पण पीठ एकच पडायचं. भांडणंही जोरात. मिलूदा म्हणायची, "तुम्ही डोंगरातले लोक भाकरीत दगड भाजता." हद्दा म्हणायची, "तुम्ही मैदानातले गोड बोलता आणि मीठ विकता." हद्दाचा मुलगा झायद या दोघींच्या मांडीवर माझ्या घरघरीत झोपायचा. रडला की मिलूदा मला रिकामीच फिरवायची. तो झायद लक्षात ठेवा.

त्यानंतर इतर बायकाही आल्या. किती ते मी मोजलं नाही. कोणी वरच्या गावातली, कोणी खालच्या. कोणी आठवडा राहून स्वतःहून परत गेली, कोणी गेलीच नाही. सगळ्याच सुखी झाल्या असं मी म्हणणार नाही. पण खुंटा धरल्यावर एकीलाही कोणी ओढलं नाही. एकीलाही नाही.

मग रस्ता आला आणि रस्त्यावरून गिरणी आली. तिची टकटक ऐकून मला धडकी भरली. पण खरं सांगू? बायकांच्या तळहातांवरचे घट्टे गेले. खांदे सरळ झाले. दळणाच्या वेळेला मुली शाळेत जायला लागल्या. मला गिरणीचा राग नाही. माझ्या कौतुकापायी कोणी जन्मभर खांदे मोडून घ्यावेत असं म्हणायला मी काही पुस्तक लिहिणारी शहरी बाई नाही. पण बसून राहणं मला येत नव्हतं. माझ्यावर कोंबड्या बसायच्या. अंडी द्यायच्या आणि गाव जागं करायच्या, जसं काही ते काम त्यांचंच! मी आतल्या आत फिरत राहायचे. फिरता न येणाऱ्या जात्याची तडफड तुम्हाला नाही कळणार.

गावही फिरलं. पोरं शहरात गेली, समुद्रापलीकडे गेली. एक नवा उपदेशक आला आणि म्हणाला, दळताना गाणं पाप, गोंदण पाप. हद्दाने हनुवटीवरची रेघ त्याच्यासमोर नेली आणि म्हणाली, "पुस, पुसता येत असेल तर." बास्सू गेला. झायद मोठा झाला, लग्न झालं, त्याला मुलगी झाली. ती तामू. ती माझ्यावर वही ठेवून अभ्यास करायची, दोन भाषांत बडबडायची, आणि पुढे तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून शिकायला गेली.

आणि मग, साहेब, तुमची माणसं आली. जुन्या वस्तू गोळा करत होती. इमारतीच्या अंगणात मांडायच्या होत्या. झायद म्हणाला, "आई, देऊन टाक. कोंबड्यांची अडगळ." मिलूदा म्हणाली, "देऊ नकोस गं."

"देते," हद्दा म्हणाली. "आपलं दार आता लहान पडतं, मिलूदा. हल्लीची पोर पळाली तर डोंगर चढून आपल्याकडे नाही यायची. ती खाली जाईल, त्या मोठ्या इमारतीत, जिथे कायदा बसतो. जिथे ती जाईल तिथे खुंटा असायला हवा." आणि तुमच्या माणसाला तिने बजावलं, "काही करा, रंगवा, धुवा. खुंटा काढायचा नाही."

"नाही काढणार, लाल्ला," तो बाईसाहेब म्हणावं तशा आदराने म्हणाला. "खुंट्यासकट तर वारसा."

त्याने छातीवर हात ठेवला होता. मी पाहिलंय.

वाटेत मी खुशीत होते. वाटलं, पुन्हा काम मिळालं. महिना झाला असेल नसेल. वरून निरोप आला, खुंटा पाहुण्यांच्या कपड्यांत अडकतो. दोघांनी हलवून हलवून तो उपटला. तो माझ्यात किती खोल गेला होता, ते तेव्हा मला कळलं. मग सिमेंट, मग खांब, मग छत्री. लोक माझ्यावर चहाचे पेले ठेवायला लागले. फोटो काढायला लागले. जिन्याने बायका वर जायच्या, डोळे पुसत खाली यायच्या, आणि मी टेबल होऊन बघत राहायचे. त्या हिवाळ्यात हद्दा गेली. खुंटा शाबूत आहे, या विश्वासात गेली. तेवढं एक तरी बरं झालं. की वाईट झालं? मला ठरवता येत नाही.

आता आजचं.

सकाळी झायद तामूला घेऊन फाटकातून आत आला. मागे काठी टेकत मिलूदा. ती हट्टाने आली होती. झायद वाईट माणूस नाही. दोन वर्षं पाऊस नाही, मेंढ्या विकल्या, आणि मैदानातल्या शहरात किराणा दुकान असलेला एक माणूस चालून आला. झायदला वाटलं, पोरगी पोटभर जेवेल. गावात कुजबुज होती, वसतिगृहातल्या मुली हाताबाहेर जातात. भूक आणि कुजबुज, या दोन तळ्यांमध्ये माणूस सापडला की त्याचं पीठ होतं. झायदचं झालं होतं. पण म्हणून त्याने लेकीला वैरणीसारखं घालायचं?

तामूने मला बघितलं. तिच्या डोळ्यांत ओळख चमकली. बापाच्या हातून तिने मनगट सोडवलं आणि ती धावली. माझ्यासमोर गुडघ्यांवर पडली, हात लांब केला, अगदी बरोबर जागी. हद्दाने तिला शिकवलं होतं.

तिथे खुंटा नव्हता.

तिची बोटं त्या भोकावरून फिरली. एकदा, पुन्हा एकदा. मित्रांनो, त्या वेळी मी फुटले असते तर बरं झालं असतं. झायद जवळ आला. फाटकावरचा रखवालदार हसला, "ए पोरी, तिथे काय शोधतेस? कानातलं पडलं का?"

आणि मागून मिलूदाचा आवाज आला. अरबीत, अंगणभर. "खांब धर! तामू, खांब! आमच्यात खांब धरतात!"

तामू उठली आणि तिने छत्रीच्या खांबाला मिठी मारली.

अंगणात कामासाठी थांबलेले डोंगरातले म्हातारे होते, मैदानातलेही होते. एक उठला. दुसरा उठला. सगळे उठले. झायदने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"खांब धरलाय तिने," एक म्हातारा म्हणाला.

"ती छत्री सरकारी आहे!" रखवालदार ओरडला.

"मग सरकारच्या आसऱ्याला आलीय," म्हातारा म्हणाला. "हात लावून बघ तिला."

"जुन्या रीतीने तर साहेबांनाच हिच्याशी लग्न लावावं लागेल!" कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"ते शेपूट हद्दाने कधीच कापलं," मिलूदा म्हणाली. "आता फक्त पाठीशी उभं राहायचं. तेवढंच."

झायद रडवेला झाला. "मावशी, का माझी शोभा करतेस? लोक काय म्हणतील?"

"हे बघ लोक, तुझ्यासमोर उभे आहेत. विचार ना, काय म्हणतात. झायद, तू याच दगडाच्या आवाजात झोपायचास. मी हाच दगड धरला नसता तर तुला मांडीवर कोणी घेतलं असतं रे? तुझी आई एकटी तुला पुरली असती का?"

तो भिंतीला टेकून बसला. डोकं हातांत. लेकीकडे तो बघेना, पण तिला ओढायलाही उठेना. मिलूदाने काठी आपटली, वर बघितलं आणि आधी अरबीत, मग तमाझिग़्तमध्ये हाक दिली.

"या घराचा धनी कोण?"

रखवालदार जिना चढून गेला आणि उतरून आला. म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

आता दुपार कलते आहे. छत्रीची सावली तामूवरून सरकून गेली. तिला उन्हात घाम येतोय, हात बधिर झालेत, पण मिठी सुटलेली नाही. एका म्हाताऱ्याने तिला पाणी पाजलं. पेला तिने हातात घेतला नाही, तोंडानेच प्यायली. वसतिगृहातल्या तिच्या मैत्रिणी फाटकाशी जमल्या आहेत. झायद अजून भिंतीशीच आहे. तो कोणत्या बाजूला उठेल, ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला पुसू नका, रंगवू नका, माझ्यासाठी पाटी लावू नका. मी दगड आहे, मी उरेनच. जपायचा तो खुंटा. पळून आलेल्या माणसाच्या हाताला लागेल असं काहीतरी तुमच्या घरात, शाळेत, गावात शिल्लक आहे का, ते बघा. नसेल तर तुमच्या भिंतीवरच्या सगळ्या पाट्या खोट्या.

आणि साहेब, वरचा पडदा हलला. मी पाहिलं. तुम्ही तिथे आहात.

खांब तुमचा, छत्री तुमची, अंगण तुमचं. खुंटा तुम्हीच उपटलात, म्हणून तिला तुमचा खांब धरावा लागला. आता ती हद्दाच्या आसऱ्याला नाही, तुमच्या आहे. तिला शाळेत पाठवणार, की त्या दुकानदाराच्या घरी? म्हातारी मघापासून विचारते आहे, माझं तोंड बंद आहे तरी मीही विचारते आहे. मीटिंग पुरे झाली. जिना उतरून खाली या, या मुलीसमोर उभे राहा, आणि सांगा. या घराचा धनी कोण?